लासूरहून निघालेला चौथा

१

मी मूर्ख आहे हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मी तेवढं कधी लिहून दिलं नव्हतं. आज देते. चव्वेचाळीस वर्षांची बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळते. रोज बेचाळीस पोरं मोजून आत घेते, मोजून बाहेर सोडते. आणि हिला एक दगड सोबत नेता आला नाही.

दिवाळीनंतर आम्ही तिघांनी सिकंदराबादला नणंदेकडं जायचं ठरवलं. मी, माझे यजमान रामकिसन, आणि आबा, म्हणजे माझे सासरे. आबांना पंच्याहत्तरावं चालू होतं. पोळ्याच्या आसपास छातीत दुखलं म्हणून चार दिवस औरंगाबादला दवाखान्यात काढून आले होते. डॉक्टर म्हणाले, लांबचा प्रवास नको. आबा म्हणाले, लेकीला भेटायचंय, आणि तिकडं जुन्या विमानांचं म्युझियम आहे म्हणे, ते बघायचंय. लेकीचं नाव आधी घेतलं, पण म्युझियम म्हणताना आवाज बदलला. हे माझ्यासारखीला पण कळलं.

सासूबाई येणार नव्हत्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. म्हशीला सोडून त्या आजवर लासूरच्या बाजारापलीकडं गेलेल्या नाहीत. निघायच्या दिवशी दारात उभ्या राहून त्यांनी आमच्याकडं बघितलं आणि बोटं मोजली.

"तिघं चालला व्हय?"

"हो."

"तिघांनी निघू नाय."

हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं. तिघं निघाले की चौथा म्हणून एक दगड सोबत घ्यायचा. आत्याबाईंनी लिंबाखालचा एक दगड उचलला, मुठीत मावेल एवढा, धुतला, त्याला हळदकुंकू लावलं आणि माझ्या हातात दिला.

"गाडीत चढायच्या आधी ह्याला म्हणायचं, चल बाबा, तू आमचा चौथा. तिकडून निघताना म्हणायचं, चल बाबा, घरी. नेला तसा आणायचा. इसरायचं नाय."

मग मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "आन म्हाताऱ्याला बी. नेतीस तसा आण. तुझ्या भरवशावर सोडते, रामकिसनच्या नाय."

मी मान हलवली, पाण्याची बाटली भरायला आत गेले, दगड रांजणापाशी ठेवला, बाटली भरली, आणि बाटली घेऊन निघाले.

लासूर स्टेशनला आल्यावर ध्यानात आलं. गाडीला दहा मिनिटं होती. रामकिसननी विचारलं, "दगड घेतलास ना?" मी म्हणाले, "पर्समध्ये आहे." लग्नाला बावीस वर्षं झाली, एवढं खोटं चालतं.

पण मनाला लागून राहिलं. आत्याबाईंचा शब्द, आबांची छाती. मग मी प्लॅटफॉर्मच्या टोकाला गेले. तिथं एक सिमेंटचा बाक आहे, त्याच्या पलीकडं काही नाही, रूळ आणि बाभळी. बाकावर कुणी नव्हतं. मी वर्गात हजेरी घेते त्या आवाजात म्हणाले, "चल बाबा, कोण असशील तो. तू आमचा चौथा. नेते तसा आणते."

आणि स्वतःच हसले. दगड नाही तर नाही, विधी झाला. सरकारी कामासारखं.

परत आले तर आबा माझ्याकडं तोंड करून बसले होते. त्यांनी विचारलं नाही, मी कुणाशी बोलत होते. त्यांनी शेजारी ठेवलेली पिशवी उचलली, मांडीवर घेतली आणि बाकावर थोडं सरकले. मला वाटलं माझ्यासाठी. म्हणून मी बसायला गेले तर म्हणाले, "तू तिकडं बस, पोरी."

२

डब्यात आबांना खालची जागा होती, मला मधली, रामकिसनना वरची. समोर एक जोडपं होतं, ते औरंगाबादला आमच्या गाडीत चढलं आणि चढल्याबरोबर झोपलं. जालन्याच्या पुढं चहावाला आला. रामकिसननी तीन सांगितले. त्यानं चार ओतले आणि ठेवून पुढं गेला.

"ओ, तीन म्हणालो."

"चार हैं ना," असं तो मागं वळूनही न बघता म्हणाला आणि गेला.

"ह्यांचे धंदे असेच," रामकिसन म्हणाले. आबांनी तो जास्तीचा चहा खिडकीपाशी ठेवला. "ऱ्हाऊ दे. पिईल कोनीतरी." आबांना साखरेची बंदी आहे. मला कळलं, दोन्ही हेच पिणार, आणि मी डोळेझाक केली. आत्याबाईंनी कप मोजून आणायला सांगितले नव्हते.

रात्री जाग आली तेव्हा गाडी कुठंतरी उभी होती. डब्यात निळा दिवा. मला सवय आहे, सहलीला पोरं नेली की बसमध्ये झोपेतून उठून मोजते. डोळे पुरते न उघडता मी मोजायला लागले. वरून घोरणं आलं, एक. खाली आबा, दोन. तीन. मग मी. चार.

समोरच्या जोडप्याला मी मोजलं नव्हतं. ती दोघं पलीकडच्या बाजूला होती, त्यांचे पाय मला दिसत होते. म्हटलं, झोपेत स्वतःला दोनदा मोजलं. पहिलीच्या बाईला हे शोभत नाही, पण होतं.

मग खाली आबा बोलले. हळू, हसत.

"सरक मियां जरा. तेरेकू इत्ती जागा कायकू होना."

मी बावीस वर्षं ह्या माणसाच्या हाताखाली... नाही, घरात राहते. ते बाजारात गुलशन काकडीवालीशी पण मराठीत भांडतात. ही भाषा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मी वाकून खाली बघितलं. आबा बर्थच्या आतल्या कडेला, भिंतीला पाठ चिकटवून, एका कुशीवर झोपले होते. बाहेरची अर्धी जागा मोकळी सोडली होती. गाडी हलली की माणूस पडेल तिकडं, ती बाजू. आणि चादर त्यांनी अर्धीच घेतली होती. उरलेली अर्धी मोकळ्या जागेवर नीट पसरली होती. ती सपाट पडली नव्हती. मी तेवढं बघितलं आणि पुन्हा उशीवर डोकं ठेवलं.

चादरीला घडी असते, घडीला उंचवटा असतो. मी हे स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं.

सकाळी खिडकीपाशी कप रिकामा होता. आबांना विचारलं तर म्हणाले, "म्या एकच पेलो."

३

नणंदेनं, भागूताईनं, चार ताटं घेतली होती.

"तिघं आहोत," मी म्हणाले.

"दादा फोनवर चार म्हणाला."

"मी कशाला चार म्हणेन," रामकिसन म्हणाले. "मला मोजता येत नाही का?"

भागूताईचा नवरा कामावर होता. तिनं चौथं ताट उचलायला हात घातला तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे ना. जेवायच्या वक्ताला ताट उचलू नाय." ताट राहिलं. कुणी त्यावर जेवलं नाही. मी बघत होते.

जेवण झाल्यावर मी मुद्दाम विषय काढला. "आबा, तुम्ही हैदराबादी कुठं शिकलात?"

"कव्हा बोललो?"

"झोपेत."

आबांनी डबी उघडून सुपारी कातरायला घेतली. मग सांगायला लागले, जणू कालची गोष्ट.

"पोलीस ॲक्शन होऊन तीनेक वर्सं झाली व्हती. म्या आठरा वर्सांचा. चिकलठान्याच्या माळावर विमान उतरायचं. आठवड्यात दोन डाव. माळ मोकळा, गावची गुरं चरायची तिथंच. आमचं काम गुरं हाकायचं. आवाज आला की पळायचं. एका अंगानं म्या, दुसऱ्या अंगानं हबीब. हातात पांढरं फडकं. गुरं पट्टीवरून निघाली की विमान उतरायचं. एखादी शेळी ऱ्हायली तर ते वर घिरट्या घालायचं. आमच्यामुळं. आमी दोघं खालून बघायचो, येवढं मोठं विमान आमच्या शेळीसाठी थांबलंय."

"बसलात कधी?"

"कोन बसू देतंय. आमचं ठरलं व्हतं, बसायचं तर दोघांनी. येकट्यानं नाय."

"मग?"

"मग हबीब म्हनला, हैदराबादला जाऊ. तिकडं विमानं दुरुस्त करायला मानसं घेतेत. म्या म्हनलं, तू लासूरच्या ठेसनावर थांब, म्या घरी सांगून येतो."

भागूताई म्हणाली, "आजीनं जाऊ दिलं नसेल."

"आईनं दार लावून घेतलं. आन खरं सांगू का, म्या बी लई ढकललं नाय दार."

"हबीब गेला मग एकटाच?"

"मला काय ठाव."

"नंतर विचारलं नाही कुणाला?"

"म्या त्या ठेसनावर धा वर्सं गेलो नाय, बाई. तो थांबतो म्हनला व्हता."

हे बोलून त्यांनी उरलेली सुपारी डबीत टाकली. मी लासूरच्या त्या बाकाचा विचार करायचं नाही असं ठरवलं आणि भांडी घासायला बसले. भागूताईला नवल वाटलं असेल, वहिनीनं पाहुणी असून भांडी घासायला घेतली. मला फक्त हाताला काम हवं होतं.

४

दुसऱ्या दिवशी अकराच्या उन्हात आम्ही म्युझियमला निघालो. पहिला रिक्षावाला थांबला, आमच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "चार नहीं बिठाता. पुलिस पकडती."

रामकिसननी बोटं दाखवून मोजलं. रिक्षावाल्यानं परत बघितलं, डोळे चोळले. "अच्छा, बैठो." पण रिक्षा मागून दबली ती दबलीच, चढावर तर धापा टाकायला लागली. रामकिसन माझ्याकडं बघून म्हणाले, "दिवाळीच्या करंज्या." मला त्या दिवशी करंज्यांचा आधार वाटला.

म्युझियम शहराच्या कडेला होतं. एक भलीमोठी पत्र्याची शेड, दोन-तीन मजले उंच. आत गेलो आणि आमचं बोलणं आपोआप खाली आलं. वरच्या काचेतून उजेडाचे पट्टे उतरत होते आणि त्या उजेडात विमानं होती. छताला टांगलेली बारकी, कापडी पंखांची. खाली मोठी. आपण आकाशात बघतो ते विमान बोटाएवढं असतं. त्याच्या चाकापाशी उभं राहिलं की चाक आपल्या कमरेला लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पहिलीच्या पोरांना "वि विमानाचा" शिकवते. वीस वर्षं मी त्यांना काहीच शिकवलं नाही असं वाटलं.

सगळ्यात शेवटी ते होतं. चंदेरी, दोन पंख्यांचं, शेपटी जमिनीला टेकलेली आणि नाक वर. मोठं कुत्रं मागच्या पायांवर बसून मालकाकडं बघतं तसं ते आबांकडं बघत होतं. आबांनी टोपी काढली. मी त्यांना टोपी काढताना देवळात पण बघितलेलं नाही.

"हेच का?"

आबांनी मान हलवली. "हेच पोट. आमी खालून पोटच बघितलं."

दाराला लोखंडी जिना लावलेला होता. तिथं दोरी धरून एक वयस्कर राखणदार बसला होता. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, नवाब. जिन्याला ओझं नको म्हणून तो एका वेळी चार जणांनाच आत सोडत होता. आमच्या पुढं रांग होती, मागंही एक कुटुंब होतं. तो प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजायचा, चार झाले की दोरी लावायचा.

आमची पाळी आली. आबांनी पायातल्या वहाणा काढून जिन्याखाली ठेवल्या. "चप्पल रहने दो, चाचा," नवाब म्हणाला. आबांनी ऐकलं नाही.

नवाबनं रामकिसनच्या खांद्याला हात लावला. एक. माझ्या. दो. आबांच्या. तीन. मग त्याचा हात आबांच्या मागं गेला, थोडा उंच, आबांपेक्षा उंच माणसाचा खांदा असतो तिथं, आणि तिथं टेकला. मी हात बघितला. तो हवेत राहिला नाही. टेकला.

"चार," म्हणून त्यानं दोरी लावली. मागच्या कुटुंबातली बाई म्हणाली, अभी एक और जा सकता ना. नवाबनं मान हलवली. हिशोब झाला होता.

५

आत चढ होता. विमान कललेलं, त्यामुळं दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांमधून वर चढत जावं लागत होतं, गच्चीच्या जिन्यासारखं. रामकिसन मोबाईल काढून सरळ पुढं गेले, जिथं चालवणारा बसतो तिथं. त्यांना फोटो काढायचे असले की बाकी जग नसतं.

आबा मधल्या एका खुर्चीवर बसले. खिडकीची खुर्ची त्यांनी सोडली आणि बाहेरच्या खुर्चीवर बसले. मी त्यांच्या मागं, दांड्याला धरून उभी.

"आबा, खिडकीत बसा की. इतक्या लांब आलो."

"त्याला बसू दे आधी."

मी खिडकीच्या खुर्चीकडं बघितलं. जुनी खुर्ची, कापड विटलेलं. कमरेचा पट्टा लावलेला होता. रिकाम्या खुर्चीचा पट्टा खाली लोळतो. हा वर उचललेला होता, ताणलेला, मधे गोल. जुनं चामडं असतं, वाळलं की आकार धरतं. मी एका बोटानं तो दाबून बघितला. का दाबला ते विचारू नका, मी सुरुवातीलाच लिहून दिलंय.

पट्टा खाली गेला नाही. थोडा वर आला, मग थोडा खाली गेला. मग परत वर.

मी बोट काढून घेतलं. तेवढ्यात पायाखाली काहीतरी सुरू झालं. आवाज नव्हता तो आधी, तळपायाला मुंग्या आल्यासारखं होतं. मग त्याचा आवाज झाला, तो गुडघ्यापर्यंत आला, मग दातांत. खिडक्यांतून येणारा उजेड खुर्च्यांवरून हळूहळू सरकायला लागला. शेडमधला उजेड असा सरकत नाही. मी रामकिसनना हाक मारली. माझी हाक मलाच ऐकू आली नाही.

मी खिडकीतून बाहेर बघितलं.

खाली माळ होता. गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि त्यात एक सरळ रेघ. लांब, एका अंगाला, दौलताबादचा किल्ला होता, मुठीएवढा. लहानपणापासून जाता-येता मी तो मान वर करून बघितलाय. आज तो माझ्या खाली होता. रेघेवरून गुरं पांगत होती, तिळाएवढी. त्यांच्या दोन्ही बाजूंनी दोन माणसं पळत होती, हातात काहीतरी पांढरं. आमची सावली माळावरून गेली, गुरांवरून गेली, एका माणसावरून गेली. तो थांबला. कपाळावर हात धरून त्यानं वर बघितलं. दुसरा पळतच राहिला.

मला भीती वाटायला हवी होती. नंतर वाटली, भरपूर. पण तेव्हा मी फक्त बघत होते. हे एवढं मोठं सगळं वर पसरलेलं असतं, आणि आपण रोज त्याच्या तळाशी भाकरी थापत बसतो, आणि कुणीतरी दोन पोरं खाली पळतात म्हणून ते उतरू शकतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला पुसायचं सुचत नव्हतं.

मग आबांकडं लक्ष गेलं. त्यांचा एक हात छातीवर होता. दुसरा हात शेजारच्या खुर्चीच्या दांड्यावर, मूठ मिटलेली, कुणाचा हात धरल्यावर मिटते तेवढीच. चेहरा इतका शांत की मला आत्याबाई आठवल्या. नेतीस तसा आण.

"आबा, चला, उतरू."

"उतरायचं कसं," आबा म्हणाले. "चाकं टेकू दे की."

मी त्यांचं मनगट धरलं. नाडी कशी बघायची ते आम्हाला शाळेच्या आरोग्य शिबिरात शिकवलंय. पण मला ती सापडेना. त्या सगळ्या विमानाचाच ठोका माझ्या बोटांत येत होता, त्यातला आबांचा कुठला ते वेगळं काढता येईना. मी तशीच धरून उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मी आयुष्यात कुणाला इतकं घट्ट धरलेलं नाही, माझ्या लेकीला तिच्या पाठवणीत सुद्धा नाही.

मग खालून एक धक्का बसला. छोटा. परत एक. रुळांवरून गाडी हळू होते तसं काहीतरी घसटत गेलं आणि थांबलं. दातांतला आवाज गेला, गुडघ्यातला गेला. खिडकीबाहेर शेडची पत्र्याची भिंत होती आणि तिच्यावर आग विझवायची लाल बादली.

खिडकीच्या खुर्चीवर कट असा आवाज झाला आणि पट्टा सुटून खाली पडला.

"बस," आबा म्हणाले. "झालं." आणि उठले. मनगटात त्यांची नाडी आता साफ लागत होती, माझ्यापेक्षा हळू.

पुढून रामकिसन आले, कपाळ चोळत. "डोकं आपटलं. फोटो पण सगळे काळे आले. अंधार फार आहे आत."

जिन्याखाली नवाब मोजत होता. रामकिसन उतरले, एक. मी, दो. आबा उतरले आणि वहाणा घालायला वाकले, तीन. नवाब वर रिकाम्या दाराकडं बघत थांबला, थोडा, म्हाताऱ्या पायांना पायऱ्या उतरायला लागतो तेवढा वेळ. मग म्हणाला, "चार." आणि दोरी सोडली.

६

परतीच्या गाडीला आम्ही लवकर गेलो. मी ठरवून टाकलं होतं, काही म्हणायचं नाही. दगड नव्हता, चौथा नव्हता, परत बोलवायचं कुणाला. जे काय होतं त्याला विमान बघायचं होतं, त्यानं बघितलं, आता ते आणि सिकंदराबाद बघून घेतील. ह्याला शहाणपण म्हणतात, असं मला वाटत होतं.

गाडी लागली. रामकिसननी सामान चढवलं. आबा प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून राहिले.

"आबा, चला."

"बोलाव की."

"कुणाला?"

"लासूरला ज्याला बोलावलंस त्याला."

मी त्यांच्याजवळ गेले. हळू आवाजात म्हणाले, "आबा, खरं सांगते. मी दगड घरीच विसरले. तिथं मी उगाच..."

"म्हाईत हाय. म्या ऐकलं." आबांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "तू म्हनलीस, नेते तसा आणते. त्यानं बी ऐकलं."

"आबा, गाडी सुटेल."

"सुटू दे. तू नाय बोलावलंस तर तो हितं थांबल. तो थांबतो. आन मंग म्या बी थांबतो. ह्या डावाला म्या थांबतो."

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. भाजीला काय आणू विचारावं तसं म्हटलं. डब्याच्या दारातून रामकिसन ओरडायला लागले. हिरवा दिवा पडला. मी आबांचा दंड धरून ओढलं, ते हलले नाहीत. पंच्याहत्तर वर्षांचा, छातीचा पेशंट, आणि तो बाकाला रुतल्यासारखा बसला होता. गाडीनं हिसका घेतला.

मी आबांच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघून म्हणाले, "चल बाबा, घरी."

आबा उठले. पोरासारखे उठले. चालत्या गाडीत रामकिसननी त्यांना वर घेतलं, मग मला. माझ्या मागून दारातला दांडा कुणीतरी धरला, मला त्याचा हेलकावा जाणवला. मी मागं बघितलं नाही.

जालना मागं पडलं तेव्हा ध्यानात आलं. लासूरला म्हणायला हवं होतं. बाकापर्यंत सोडून देता आलं असतं. मी घरी म्हणाले.

७

आत्याबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला. आबांवरून, रामकिसनवरून, माझ्यावरून. हात एवढ्यावर थांबायला हवा होता. तो आणखी एकदा फिरला. मग त्यांनी तुकडा टाकला, पायावर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "म्हस आटली दोन दिवसांत. तुमची सवय झाल्ती तिला."

आबांना त्यांनी वरखाली बघितलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. आणला तसाच होता. उलट बरा होता.

दुपारभर वह्या तपासल्या. चार वाजता राहवलं नाही. आत्याबाई ओसरीत बसून शेंगा फोडत होत्या, मी पण बसले आणि दोन-चार फोडल्या.

"आत्याबाई, मी दगड नेलाच नव्हता."

"व्हय. रांजणापाशी गावला मला. त्याच दिशी लिंबाखाली ठेवला परत."

"आणि तुम्ही फोनवर काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं. गाडी तर गेल्ती."

"म्हणजे आम्ही तिघंच गेलो होतो."

त्यांनी सूप जवळ ओढून घेतलं. मी अंगणात बघितलं. लिंबाखाली दोन बाजा टाकलेल्या होत्या, शेजारी शेजारी. एकीवर आबा कुशीवर पडले होते, दुसऱ्या बाजेकडं तोंड करून, आणि हळू आवाजात काहीतरी सांगत होते. मधेच हसत होते. दुसरी बाज रिकामी होती. तिच्या दोऱ्या मधे खाली गेल्या होत्या, जवळजवळ जमिनीला टेकल्या होत्या.

"आत्याबाई," मी म्हणाले, "ती दुसरी बाज तुम्ही कुणासाठी टाकली?"

आत्याबाईंनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला केलं.

"मला काय इचारतीस, तू आणलास. त्याला उशी लागती का, तेवढं जाऊन इचार."